नुसती सही

आला. दरवर्षी येतो तसा यंदाही आला. सोयाबीन पिवळं पडून पानं गळायला लागली, बाया डोक्याला फडकं आणि हातात जुने पायमोजे चढवून बांधाबांधानं दिसायला लागल्या, की आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. 'जागतिक दारिद्र्य निर्मूलन व महिला सक्षमीकरण अभियान. प्रभातफेरी, घोषवाक्ये, निबंध, सह्यांची मोहीम. फोटोसह अहवाल तात्काळ सादर करावा.' खाली हेडसरांचा अंगठा, त्याखाली सगळ्या शिक्षकांचे अंगठे. मीही माझा एक टाकला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

मग पुन्हा उचलला. सह्यांची मोहीम? फेरी आणि निबंध दरवर्षीचेच असतात. सह्या मात्र पाच वर्षांत कुणी मागितल्या नव्हत्या. त्या दोन शब्दांवर माझी नजर थांबली आणि मला शिवकन्या आठवली. खोटं कशाला बोलू, आठवली म्हणणंही बरोबर नाही. ती विसरतच नाही. सुगी आली की रोज दिसते.

दमले आहे मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई उगाच चिडल्यात. चिडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्यातली सोळा या गावात. सकाळी हदगावच्या स्टँडवरून बस धरायची, खिडकीशी बसायचं आणि अर्धा तास बाहेर बघत राहायचं. या दिवसांत खिडकीतून धूळ येते आणि धुळीबरोबर मळणी यंत्राच्या भुशाचा वास येतो, घशाशी खवखवणारा. उभ्या रानात वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात. मी मूळची शिरूर अनंतपाळकडची. डी.एड.ला असताना एका सुट्टीत हट्टानं सोयाबीन कापायला गेले होते. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांतून रक्त आलं. त्या शेंगांची टोकं अशी बोचतात, की रात्री भाकरीचा तुकडा मोडतानाही जाणवावं. आई म्हणाली, "तू आपली पुस्तकंच धर बाई." मी धरली.

सुगीत आमची शाळा रिकामी होते. नववीच्या हजेरीत बेचाळीस नावं, आणि समोर अकरा जण. बाकीचे रानात. मुलं ताडपत्री धरायला, मुली इळा घेऊन आईच्या शेजारच्या ओळीत. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडे गरिबीवर निबंध असतो. जे हजर असतात ते लिहितात. ज्यांना त्या विषयातलं काही ठाऊक असतं, ते गैरहजर असतात. पहिल्या काही वर्षांत मला याचं हसू यायचं. नंतर तेही बंद झालं.

पाच वर्षांपूर्वी, सह्या मागितल्या त्या वर्षी, शिवकन्या नववीत होती आणि भर सुगीत रोज शाळेत यायची. तिची आई, कौसाबाई, अठरा बायांच्या टोळीची मुख्य. ही टोळी गुत्त्यानं कापणी घेते, म्हणजे रोजावर नाही, अख्खं रान ठरवून. कौसाबाईच्या शब्दाला आमच्या भागात वजन होतं. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळेला तिच्या अठराच्या अठरा बाया बांधावर उभ्या असायच्या. शेतकरी इतर टोळ्या सोडून तिच्याकडे यायचे ते त्यासाठी. तिला स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं, बाकी काही नाही. पण पोरीबद्दल तिनं ठरवलेलं होतं. एकदा पालकसभेत सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात दहावीच्या परीक्षेला अजून कोणी बसलेलं न्हाई. ही बसंल. एक इळा कमी पडला तरी चालंल." शिवकन्येनं लाजून ओढणीत तोंड लपवलं होतं.

आवाज काय होता त्या पोरीचा! प्रभातफेरीत ती पुढे असली की मागच्या अकरा पोरांची शंभर व्हायची. घोषणाही तिनंच लिहिल्या होत्या. ती ओरडायची, "गरिबी जगाची," आणि बाकीचे, "जबाबदारी सगळ्यांची!" मग, "आई शिकली," "तर पोरगी टिकली!" सकाळची साडेआठची वेळ. घराघरांना कड्या. मारुतीच्या पारावर एक म्हातारबाबा बसलेले. त्यांनी कानामागं हात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अय पोरींनो, कोणाला सांगून राहिल्या गं? गाव तर समदं रानात हाय." पोरी खदाखदा हसल्या. तेव्हाचे हेडसर मला हळूच म्हणाले, "मॅडम, फोटो बाबांच्या बाजूनं घ्या. गल्ली मोकळी दिसून राहिली." मी बाबांच्या बाजूनं घेतला.

वर्गात मी 'जागतिक' हा शब्द समजावून सांगत होते. जागतिक म्हणजे सगळ्या जगाचं. मागच्या बाकावरून एक पोरगी उठली. "मॅडम, म्हणजे सगळ्या जगाची गरिबी घालवून राहिले का?" म्हटलं, हो, तसंच. तर ती म्हणाली, "मग लई लांबून सुरू केलं की! आपला नंबर कवा लागायचा?" वर्ग हसला, मीही हसले. शिवकन्या हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

सह्यांसाठी वरून एक कागद आला होता. डोक्यावर जाड अक्षरांत 'दारिद्र्य निर्मूलन व महिला सक्षमीकरण', खाली रकाने. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, सही किंवा अंगठा. मी तो पोरींना वाटला आणि म्हटलं, जितक्या जास्त बायांच्या सह्या, तितकं चांगलं. एवढंच. शिवकन्या कागद घेऊन घरी गेली. आईनं विचारलं, "काय हाय हे?" पोरीनं वरचं नाव वाचून दाखवलं. दारिद्र्य हा शब्द आमच्याकडे कुठल्या बाईला नवा आहे? रेशनकार्डापासून घरकुलापर्यंत सगळी नावं याच शब्दानं सुरू होतात. आईनं विचारलं, "नावं लिहून घेऊन राहिले का?" हाव. "सही लागती का?" हाव. "समद्या बायांची?" हाव, जितक्या जास्त तितकं चांगलं, मॅडम म्हणाल्या. पोरीची तीनही उत्तरं खरी होती. आईनं विचारलं, कुठं यायचं? पोरगी म्हणाली, शाळेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कौसाबाईची टोळी शाळेच्या फाटकात उभी. अठराच्या अठरा. कुणी हिरवं लुगडं नेसलेली, कुणी धुतलेलं पातळ. आणि प्रत्येकीच्या हातात एक कॅरीबॅग. आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड, दोन फोटो. एकीनं तर मेलेल्या नवऱ्याचा दाखलाही आणला होता, कुठं लागला तर असावा म्हणून. भर सुगीत सकाळचं काम टाकून त्या आल्या होत्या. त्यांना वाटलं, योजनेचा फॉर्म आहे.

मला ते कळलं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, आज लिहिते. त्या कॅरीबॅगा बघताक्षणी मला कळलं. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं, की माझा रिकामा कागद भरणार. तीन दिवस हेडसर मागे लागले होते, तालुक्यात आपलीच शाळा मागे आहे म्हणून. पहिली बाई टेबलाशी आली आणि पिशवीतून कागद काढायला लागली. मी म्हणाले, "झेरॉक्स राहू द्या मावशी. नुसती सही चालेल."

नुसती सही चालेल! बाईचा चेहरा असा खुलला, की काय सांगू. ती मागं वळून ओरडली, "अगं ए, कागद बी लागत न्हाईत बगा! मॅडम नुसत्या सहीवर करून राहिल्या!" ओळीत आनंदीआनंद झाला. एकीनं हात जोडले मला. मी मान खाली घालून अनुक्रमांक लिहीत राहिले. शेजारी शिवकन्या पॅड धरून उभी होती, अंगठ्याला शाई लावायचं काम तिच्याकडे. हेडसरांनी फोटो काढले. ओळ व्हरांड्याच्या बाहेरपर्यंत गेली होती, फोटो फार छान आले.

दुपारी आभाळ भरून आलं. ज्या रानाचं गुत्तं कौसाबाईनं घेतलं होतं, त्या शेतकऱ्याला धीर निघाला नाही. पिकलेलं सोयाबीन भिजलं तर शेंगेतच मोड येतात. टोळी बांधावर नाही, निरोप नाही. त्यानं रस्त्यानं चाललेलं हार्वेस्टर बोलावलं आणि दोन तासांत रान मोकळं केलं. बाया शाळेतून घरी जाऊन, इळे घेऊन पोचल्या तेव्हा तिथं धसकटं उभी होती. पाऊस शेवटी पडलाच नाही. नुसतं अंधारून आलं आणि गेलं.

आठ दिवसांनी कौसाबाई एकटीच आली. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या फॉर्माचं काय झालं?"

"मावशी, तो फॉर्म नव्हता."

"मग काय होतं?"

"सह्यांची मोहीम होती. गरिबीच्या विरोधात."

"कोणाला दावल्या आमच्या सह्या?"

"वर पाठवल्या."

"वरी कोणाला?"

मला ते माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. ती म्हणाली, "तुमी तवाच का न्हाई सांगितलं, मॅडम? बाया मला बोलून राहिल्या. तुझ्या पोरीच्या फॉर्मापायी रान गेलं म्हणून राहिल्या." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. एवढं बोलून ती गेली आणि मी पुन्हा वही उघडली. ऱ्हस्वाचं दीर्घ करत बसले.

टोळीतल्या चार बाया त्याच आठवड्यात दुसरीकडे गेल्या. शिकायला ठेवलेली पोरगी घरात आणि रान मात्र हातचं गेलेलं, हे कौसाबाईला चारचौघींत बरं दिसेना. गेलेल्या चार इळ्यांपैकी एक तिनं घरातूनच भरून काढला. आधी म्हणे दिवाळीपुरतं. दिवाळीनंतर कापूस आला. कापसानंतर हरभरा. मी रोज हजेरीत तिच्या नावापुढं 'ग' लिहीत होते. माघ सरेपर्यंत ती सगळी ओळ 'ग'नं भरली.

एकदा, एकदाच, घरी गेले तिच्या. पोरगी दाराआडून बाहेर आली. हाताचे पंजे मागं लपवलेले. म्हटलं, "शिवकन्या, शाळेत ये गं. मी आईशी बोलते." ती म्हणाली, "न्हाई मॅडम. मीच बोलावलं होतं बायाहीला." आणि खाली बघत उभी राहिली. त्या वेळी माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बाळ, चूक तुझी नाही, माझी आहे, मला दिसत होतं आणि मी बोलले नाही. एवढंच बोलायचं होतं. चार शब्दांचं काम. आई चुलीपाशी बसलेली होती, तिलाही ऐकू गेलं असतं. मी म्हणाले, "बरं, येते मी." पाचची बस होती.

लोक म्हणतात मास्तरांचं काम सोपं, सुट्ट्या भरपूर. असेल. माझे पाय दुखतात, घसा बसतो, ते सगळं रात्रीच्या झोपेनं जातं. हे जात नाही. वर्गात 'स्त्री सक्षमीकरण' फळ्यावर लिहिते तेव्हा खडू हातात जड होतो असं काही नाही, हात आपला सरावानं लिहितो. त्याचीच मला लाज वाटते.

मधल्या वर्षांत बसच्या खिडकीतून ती मला पुष्कळदा दिसली. आधी आईच्या शेजारच्या ओळीत, मग दोन ओळी पुढं. मागच्या वर्षी कौसाबाई गुडघ्यांनी बसली आणि टोळी पोरीनं हातात घेतली. आता ती एकोणीस वर्षांची आहे. शेतकरी तिच्या फोनवर फोन करतात. कंडक्टर एकदा म्हणाला, "ती पोरगी लई कडक हाय मॅडम. आधी समदं वहीत लिहून घेती, मग हो म्हणती." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तर यंदाचा कागद आला. तोच नमुना, तेच रकाने. मी तो घेतला, लाल पेन काढलं आणि सगळ्यात वर लिहिलं : 'हा कोणत्याही योजनेचा फॉर्म नाही. सही केल्याने काहीही मिळणार नाही.' नवे हेडसर वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं चांगले. वाचून म्हणाले, "मॅडम, असं लिहिल्यावर सही करंल कोण?" म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "अन् अहवाल?" म्हटलं, "तो मी लिहिते." ते माझ्या तोंडाकडं बघून राहिले.

शनिवारी शाळा सुटल्यावर कागद घेऊन शिवकन्येची टोळी होती त्या रानात गेले. पोरींना पाठवलं नाही. बाया बाभळीखाली जेवायला बसल्या होत्या. भाकरी, ठेचा, कांदा. "या मॅडम, जेवा," एकदोघी म्हणाल्या. कौसाबाई आता इळा धरत नाही, नुसती सोबत येते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरीकडं बघितलं. शिवकन्येनं हातातले मोजे काढले, कागद घेतला आणि उभी राहून मोठ्यानं वाचला. माझी लाल ओळ आधी, मग वरचं नाव, मग रकाने. आवाज तोच होता. पाच वर्षांनी मी तो ऐकत होते.

"मग मिळतं काय?" एका म्हातारीनं विचारलं.

"काई न्हाई. वरी मॅडमनं लाल पेनानं लिहिलंय."

"मग काऊन करावं सही?"

"तुमी ठरवा," शिवकन्या म्हणाली.

बायांनी ठरवलं. पाणी पिऊन उठल्या, मोजे चढवले आणि आपापल्या ओळीला लागल्या. एकीनंही सही केली नाही. शिवकन्येनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. अहवालात मी लिहिणार आहे, सह्या शून्य. इतक्या वर्षांत मी लिहिलेला हा पहिला खरा अहवाल असेल, आणि तो कुणी वाचणार नाही हेही मला माहीत आहे.

मग मी बोलले. पाच वर्षं उशिरा, उन्हात, बाभळीच्या काट्यांत उभं राहून बोलले. "शिवकन्या, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. मला कळलं होतं बाया कशासाठी आल्या ते. मीच म्हणाले, नुसती सही चालेल म्हणून."

"माहीत हाय मॅडम," ती म्हणाली. "पॅड धरून मीच उभी होते की बाजूला."

"मग मी घरी आले तेव्हा तसं का म्हणालीस? मीच बोलावलं म्हणून?"

"बोलावलं तर मीच होतं ना." ती मोजे हातात चढवत होती, एकेक बोट नीट बसवत. "आन् तुमी मॅडम होता."

कौसाबाई ऐकत होती. तिनं डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून लावलं. मी "येते" म्हटलं आणि बांधावरून निघाले. पन्नास पावलं गेले असेन. मागून हाक आली, "मॅडम!"

ती धसकटांतून चालत आली. इळा हातातच. "ते सतरा नंबरचा फॉर्म असतो म्हणतात. भायेरून दहावीला बसायचा."

"असतो."

तिनं मागं टोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्याला नुसती सही चालती, का कागद लागतात?"

"लागतात," मी म्हणाले. "शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. सगळे लागतात."

तिनं मान हलवली.

"मग खरा असंल," ती म्हणाली.